गंजाचं निमित्त

आमच्या घरात कुणाला काही होत नाही, जे काय होतं ते वस्तूंना. ह्यांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा टीव्हीचा आवाज बिघडला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा पेपरवाल्यांनी अक्षर बारीक केलं. 'तुला आता जमत नाही' असं एकमेकांना तोंडावर म्हणायचं नाही, हा आमचा न ठरवता ठरलेला कायदा. लेक म्हणते, तुम्ही दोघं एक नंबरचे ढोंगी आहात. असू देत. पण ह्या कायद्यापायी आमची जीप गेली, त्याचं काय करू?

जीप म्हणजे जुनी, जाड पत्र्याची. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असलेली. तसल्याच जीपमधून आम्ही नोकरी केली. मी लसीकरणाची नर्स, हे ड्रायव्हर. रस्ता संपला की हे तो आखूड दांडा ओढायचे आणि गाडी चारही चाकांनी दगडधोंड्यांतून चढायला लागायची. लशींचा डबा मांडीवर धरून मी मनात म्हणायची, एकदा तरी हे स्टिअरिंग माझ्या हातात यायला हवं. पण ऑफिसची गाडी, नर्सच्या हातात कोण देणार? पुढे लग्न झालं, मी छोटी गाडी चालवायला शिकले, नोकऱ्याही संपल्या. ते मात्र राहिलं ते राहिलंच. हे अजून मला चारचौघांत 'सिस्टर' म्हणतात आणि नवीन माणसं दचकतात.

तर एक दिवस हे म्हणाले, "सिस्टर, आपल्या गॅरेजात एक जीप विकायला आलीय. अगदी आपल्यासारखी."

"घ्यायचीय का?"

"बघायला काय जातंय?"

मी मनातून हरखले, पण चेहरा कोरा ठेवला.

शेडच्या टोकाला ती उभी होती. हिरवा रंग उडालेला, दिव्यांच्या काचा मात्र लखलखीत. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ह्यांनी आत डोकं घातलं आणि बाहेर काढायचं नावच घेईनात. मग म्हणाले, "थांब, उजेडात आणतो," आणि चढून बसले.

बसले कसले, अडकले. गुडघे पार स्टिअरिंगला टेकलेले. क्लचसाठी पाय उचलला तर गुडघा आपटला आणि तोंड वेडंवाकडं झालं. गाडी आचका देऊन बंद पडली. परत तेच. ज्या माणसाने नदीच्या पात्रातून गाडी काढली, त्याला ती शेडमधून काढता येईना. मला बघवेना. हल्ली तो गुडघा तसाही कुरकुरत होता, म्हणजे आमच्या भाषेत जिना उंच झाला होता.

मी पटकन वाकले, दाराखालचा पत्रा नखाने खरवडला आणि म्हटलं, "अहो, केवढा गंज लागलाय हिला! नको बाई."

हे माझ्याकडे बघतच राहिले. गॅरेजवाला काहीतरी बोलायला गेला, त्याला ह्यांनी हातानेच गप्प केलं. मग सावकाश उतरले.

"हो, गंज फारच आहे," म्हणाले.

आम्ही घरी आलो. मी आपली मनात खूश, की ह्यांची लाज राखली.

काही दिवसांनी पंक्चर काढायला त्याच गॅरेजात गेले, तर शेडचं ते टोक रिकामं.

"गेली, काकू. एक तरुण जोडपं घेऊन गेलं," गॅरेजवाला म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात ना, मलाच वाईट वाटलं. तुम्ही दोघं यायच्या आदल्या दिवशी काका येऊन बसले होते. बोल्ट काढून ड्रायव्हरची सीट पार पुढे घ्यायला लावली. मी म्हटलं, काका, तुमचे पाय मावायचे नाहीत. तर म्हणतात, मी कुठे चालवणारे? चालवणार सिस्टर. तिचे पाय पोचले पाहिजेत."

पंक्चर राहिलं बाजूला, गाडी तिथेच टाकून मी चालत घरी आले. हे पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"सीट माझ्यासाठी पुढे घेतली होती?"

ह्यांचा हात थांबला. "बाहेर काढून किल्ली तुझ्या हातात द्यायची होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गंजाचं काढलंस ना. मी समजलो, तुला भीती वाटतेय, झेपणार नाही असं वाटतंय. मग कशाला ताणायचं?"

"अहो, मला वाटलं तुमचा गुडघा..."

"गुडघ्याला काय झालंय? जागा नव्हती नुसती."

मला रडूच फुटलं. एवढं जपलं एकमेकांना, की साधं विचारायचंसुद्धा राहून गेलं. आता कुणाच्या नावाने बोटं मोडू?

"मला आली असती हो चालवता," मी म्हटलं.

"ते मला माहीत होतं गं," हे म्हणाले. "तुलाच तसं वाटत नाही, असं समजून मी गप्प बसलो."