मुरबाडहून परतलेला बोका

"कोणाला पटायचं नाय गो, पण आपला बोका एस.टी.त बसून मुरबाडला गेलता," मी म्हणालो. "शीटवर. खिडकीपाशी."

कमळाने मांडीवरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माझं तोंड तिला चुना फासलेल्या भिंतीसारखं दिसतं, असं ती म्हणते. चाळीसेक वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं तोंड दिसू नये, हे थापा मारणाऱ्याला बरंच असतं.

"आन तिकीट?"

"कंडक्टरनं मागितलं. ह्यो गुरकावला. कंडक्टर म्हनला, जाऊ दे, आपल्याच डेपोचा दिसतो."

चुलीपाशी भाकऱ्या थापत असलेली सून, पौर्णिमा, तोंडाला पदर लावून हसली. कमळा हसली नाही.

उद्या सकाळी शहापूरहून शिबिराची गाडी येणार होती, कमळाला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायला. मागल्या खेपेची गाडी अशीच दारातून रिकामी गेली. "बोका आल्याबिगर मी हलायची नाय," ती म्हणाली होती. "तो येयाचा, मी दिसायची नाय, मंग परत फिरंल." शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता थांबलात तर मोती जास्त पिकेल, मग डोळाच जाईल.

आणि बोका काही यायचा नव्हता. आमच्या किन्हवली गावातल्या सगळ्या बोक्यांशी त्याचं भांडण. त्यातलीच एक जखम चिघळली आणि तो आमच्या भातगिरणीमागे, कोंड्याच्या ढिगावर मरून पडला. मीच पुरला. घरी येऊन कमळाला सांगितलं, फिरायला गेलाय. ते तिला पटलं. भाटी, म्हणजे मांजरी, घर सोडून फार लांब जात नाही; बोका पंधरा पंधरा दिवस तोंड दाखवत नाही आणि मग फाटका कान घेऊन, जसं काही झालंच नाही असा, ताटापाशी येऊन बसतो. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. त्यावर माझी थाप तगली.

जन्मभर गिरणीत भात जोखता जोखता मी लोकांना थापा मारल्या. त्या हसायच्या थापा होत्या, मारल्या की संपल्या. ही रोज नव्याने मारावी लागायची. दिवेलागणीला ती दारात उभी राहून "ये रे, ये रे" करायची, आणि मी आत भिंतीकडे तोंड करून पडायचो. कंटाळा आला होता मला. हाडांपर्यंत कंटाळा.

म्हणून आज मुरबाड गाठलं. माझा भाचा शाम तिथे बाजारात सुकी मासळी विकतो, मांजरांना त्याच्याकडे तोटा नाही. त्यातलं एक अगदी आपल्या बोक्यासारखं तांबडं. भाटी होती, पण काय करतो?

"न्या मामा," शाम म्हणाला. "गरीब हाय. सुकट खाऊन खाऊन नुसती सुटलीय."

पिशवीत घातली आणि आणली. कमळाला रंग दिसत नाही, तरी रंग मात्र जुळवून आणला.

"अवो, पण ह्यो मांडीवर कसा बसला?" कमळाने विचारलं. "आपला कधी बसायचा नाय. पायाला आंग घासलं की पळाला."

"वय झालं त्याचं. माझं नाय झालं? मी तरी आता कुठं भटकतो?"

"भाताच्या पोत्यांवर मुतलासुदीक नाय. आल्या आल्या आदी तेच करायचा."

"मुरबाडला एका दुकानात राह्यला ना. मालकीण लय कडक. पाय पुसल्याबिगर आत घेयाची नाय."

"आन मघाशी गोधड्यांच्या पेटीत शिरून काय हुंगत होता?"

"तुझा वास शोधत असंल."

मांजर तिचा हात चाटत होतं. आमच्या बोक्याने उभ्या जन्मात कोणाचा हात चाटला नाही, चावला तेवढा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पौर्णिमा, माजं लुगडं भर गो पिशवीत. सकाळी गाडी येयाची ना."

मी भिंतीला टेकलो. इथेच मी तोंड मिटायला हवं होतं. पण जिभेला सवय.

कमळाची बोटं मांजराच्या कानावर गेली. "कान आख्खा हाय ह्याचा."

"तेच तर सांगतोय! गुरांच्या डॉक्टरनं शिवला. असा शिवला, असा शिवला, की टाका हाताला लागायचा नाय. म्हनला, पैसे नको, येवढा शहाना बोका मी बघितला नाय."

तिचा हात कानावरून मानेवर आला, मानेवरून पोटाखाली गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ. पौर्णिमाची भाकरी करपल्याचा वास आला.

"अवो," कमळा म्हणाली, "आन ही पिल्लं? ती पन त्या डॉक्टरनंच घातली का पोटात?"



तिने हात काढला नाही. पोटावरून हलकेच फिरवत राहिली.

"डोळ्यांवरची पट्टी सुटली का आदी ती जागा दाखवा मला," ती म्हणाली. "आपल्या बोक्याला पुरलात ती."