हरिचंदमामांच्या फडताळातला कान

मी एक कान बोलतोय. हसू नका. कानानं बोलायचं नसतं हे मलाही माहीत आहे, आणि माझं सगळं दुःख त्यातच आहे.

मी खरा कान नाही, प्लास्टरचा आहे, हातभर मोठा. दूरच्या एका कारखान्यात साच्यातून निघालो. एका बाईनं मला रंग दिला, आतल्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवली हाडं तारेवर बसवली. गवतात गुंडाळून मला सेनगावच्या एका ज्युनियर कॉलेजात पाठवलं. तिथल्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढली. वर्षातून एकदा, कानाचा धडा आला की मला बाहेर काढायचे. पोरं माझ्यापाशी तोंड आणून "हॅलो" ओरडायची आणि आपल्याच विनोदावर लोटपोट व्हायची.

एका तपासणीच्या गडबडीत माझी रिकीब पडली आणि केरात गेली. हाडांमध्ये सगळ्यात लहान, पण ती नसेल तर आवाज आत जायचा कसा? मला मोडीत काढलं. प्रयोगशाळेतले शिपाई हरिचंदमामा तेव्हाच निवृत्त होत होते. त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून आपल्या गावी, साखऱ्याला आणलं. काडेपेटीच्या काडीची रिकीब करून बसवली. त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या, "लोक निवृत्तीला घड्याळ आणतात, तुमी कान आणला!"

गल्लीतल्या जीपवाल्या गोपीचंदची थोरली पोरगी ऐश्वर्या. हुशार, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. दुकानात गेली तर बोटानं दाखवायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हेही ती कुणाला बोलली नव्हती, निबंधात लिहिलं होतं. बारावीनंतरच्या 'नीट' या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला गुण कमी पडले, कारण क्लासात अडलेलं ती विचारतच नसे. गोपीचंदनं सांगून टाकलं, "आजून एक साल. तिसऱ्यांदा न्हाई, धाकटीची बी बारी हाय."

हरिचंदमामांनी मग तिला आपल्या घरी बोलावलं. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा केल्या, आणि मला तिच्यासमोर ठेवलं.

"बोलल्याबिगर डोक्यात बसत न्हाई, माय. मानसाशी न्हाई ना जमत? मग ह्याच्याशी बोल. हा कुनाला सांगत न्हाई. आन मी बी ऐकत न्हाई, ओट्यावर बसतो."

मामा शब्दाचे पक्के. रोज दुपारी ओट्यावर तूर निवडत बसायचे आणि रेडिओ मोठा लावायचे, चुकून एखादा शब्द कानी पडायला नको म्हणून. आत ऐश्वर्या माझ्याशी बोलायची. आधी कुजबुज, मग हळूहळू खणखणीत. रक्ताभिसरण काय, पेशी काय, मी सगळं शिकलो. अभ्यास संपला की इतरही सांगायची. आईची कंबर दुखते, वर्गातली एक जण तिला मुकी म्हणते, असं. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? आख्ख्या साखऱ्यात तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गुण भरपूर वाढले. फार वर नव्हते, पण सरकारी कॉलेज मिळेल एवढे होते. गल्लीतले लोक तिला "जय भीम, डॉक्टरीणबाई" म्हणायला लागले.

मग प्रवेशाचा फॉर्म आला. त्यात कॉलेजांची नावं आपल्या पसंतीनं लिहायची असतात. जे नाव लिहिलं नाही, ते कॉलेज मिळत नाही. मामांनी चष्मा पुसून वहीच्या पानावर यादी केली. हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर. बस्स.

"एवढीच?" शालूबाईंनी विचारलं.

"लेकरू लाजाळू हाय. लांब गेलं तर जेवन बी मागायचं न्हाई. जवळ बरं."

"तिला इचारलं का तुमी?"

"इचारलं की. तिनं मान हलवली."

ती मान मीही पाहिली होती. दुपारी रेडिओ लागला तशी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चारी ठिकानी माझ्याहून जास्त मार्क लागतील. कोकनातलं लिहायला पायजे, गडचिरोलीचं बी. मी जाईन, मला भेव न्हाई वाटत. पन मामांनी किती जीव लावून लिहिलं. उद्या सांगते."

पहिल्या फेरीत नंबर लागला नाही. मामा म्हणाले, पुढच्या फेरीत गुणांची अट खाली उतरते. दुसऱ्या फेरीला पुन्हा तीच चार नावं, पुन्हा तिची मान, आणि दुपारी पुन्हा माझ्यापाशी, "उद्या सांगते." तिसऱ्या, शेवटच्या फेरीलाही तसंच. फॉर्म पाठवायला मोबाईलवर बोट टेकवण्याआधी मामांनी तिच्याकडे पाहिलं. "बराबर हाय ना?" तिनं मान हलवली. मी फडताळात होतो. मला सगळं ठाऊक होतं, आणि माझ्यापाशी तोंड नव्हतं. त्या दिवशी मला माझ्या असण्याचाच राग आला.

तिसऱ्या फेरीची यादी लागली. तिचं नाव कुठंच नव्हतं. मामा ती यादी दोन दिवस खालवर करत राहिले. मग एका जागी थांबले. कोकणातल्या एका सरकारी कॉलेजात, तिच्याच प्रवर्गातल्या एकाला जागा मिळाली होती. त्याचे गुण ऐश्वर्यापेक्षा अकरानं कमी होते.

त्यांनी तिला बोलावलं. रागावले नाहीत.

"काहून न्हाई बोलली, माय? एक डाव म्हनायचं व्हतं."

तिनं माझ्याकडे बोट केलं.

"कानाला सांगितलं व्हतं, मामा. तिन्ही डाव."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. दहा पावलांचं अंतर. "आन मी रेडिओ मोठा करून बसलो व्हतो," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

नीटसोबतच दिलेल्या नर्सिंगच्या परीक्षेवर तिला प्रवेश मिळाला. त्या कॉलेजांच्या यादीत मामांनी एकही नाव सोडलं नव्हतं. नंबर लागला तो कोकणातच. ज्या लांबपणाला मामा भ्यायले, तिथंच ती आता वसतिगृहात राहते आणि जेवण मागून घेते.

मी फडताळात आहे. कानपाळीचा रंग उडालाय, काडीची रिकीब वाळवीनं खाल्ली. रेडिओ त्या दिवसापासून बंद आहे. तुमच्या घरी एखादं गप्प लेकरू असेल तर एवढंच करा. त्याच्या मानेवर विश्वास ठेवू नका. विचारा, आणि ते बोलेपर्यंत उठून जाऊ नका.

मामा आता तसंच करतात. दर रविवारी तिचा फोन येतो. मामा स्पीकर लावून माझ्याजवळच बसतात. ती म्हणते, "बरं हाय." मामा म्हणतात, "बरं हाय म्हनू नको. खरं सांग," आणि वाट पाहत राहतात. मागच्या रविवारी फोन फार वेळ गप्प होता. मामा हलले नाहीत. शेवटी तिकडून आवाज आला, "मामा, इथं डॉक्टरकीच्या पोरी पांढरा कोट घालून जातात ना, तवा लई रडू येतं."

मी ते ऐकलं. पण या वेळी ते मला सांगितलेलं नव्हतं.