गुलाबी पाण्यातलं पित्त

केरळात, भारतपुळा नदीच्या काठी, देवळासमोरचं पटांगण सकाळीच फुललं होतं. प्रत्येकाच्या हातात घरच्या पाण्याची बाटली. छातीतली जळजळ घालवणाऱ्या अग्निशमनस्वामींची अटच होती: पाणी आपल्याच चुलीवर उकळलेलं हवं, म्हणजे हातचलाखीचा संशय नको. स्वामी फार प्रामाणिक होते.

त्या गावात साधं पाणी कुणी पीतच नाही. पतिमुखमच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं गुलाबी पाणी घरोघर असतं. ते स्वामी पेल्यात ओतायचे, मंत्रजलाची पळी रुग्णाच्या छातीला टेकवायचे आणि पेल्यात रिकामी करायचे. पाणी पिवळंधमक!

"निघालं पित्त!" स्वामी गरजायचे. मग चिमूटभर भस्म. पाणी फसफसून लालभडक व्हायचं. "ऐका, पित्त मरताना ओरडतंय!"

तेच भस्म पोटात गेलं, की रुग्ण दणदणीत ढेकर द्यायचा आणि लोक हात जोडायचे.

देवकीचा नवरा अच्युतन लग्नाच्या पंगतींचा आचारी. आयुष्यभर सांबाराची चव बघून त्याची छाती जळत होती. गावच्या वैद्यीण माधवी वारस्यार यांनी आधी तिखट-आंबट बंद केलं, रात्री लवकर जेवायला लावलं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही म्हणून बजावलं. पण शौचाला काळं होतंय म्हटल्यावर त्यांनी औषध बाजूला ठेवलं. "आजच्या आज हॉस्पिटल गाठा. आत रक्त जातंय."

"हॉस्पिटलात धाडतात, म्हणजे बाईंना येत नाही," असं म्हणून अच्युतन स्वामींकडे गेला आणि रोज ढेकर देत घरी येऊ लागला. चेहरा मात्र पांढराफटक पडत चालला.

त्याला चक्कर आली म्हणून देवकीने घाईत गुलाबी पाण्यातच लिंबू पिळलं. पाणी पिवळं झालं. ती बघतच राहिली. छाती नाही, मंत्र नाही, पित्त आलं कुठून? तिने हरभऱ्यात घालायचा सोडा त्यात टाकला. फसफसलं आणि लाल झालं.

"अगं बाई!" देवकी म्हणाली. मग तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती अच्युतनबरोबर पटांगणात गेली. स्वामींनी हात पुढे करायच्या आत तिने त्यांचीच पळी उचलली, शेजारच्या माडाला टेकवली आणि पेल्यात ओतली. पाणी पिवळं!

"स्वामी, माडाला पित्त झालंय," ती म्हणाली. "बिचारा कधी सांबार खात नाही हो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. स्वामींनी डोळे मिटले. "अम्मा, इथे श्रद्धा लागते."

"लिंबू लागतं." तिने पदराआडची बाटली काढली. "हे साधं उकळलेलं पाणी. लाकूड नाही घातलेलं. काढा ह्यातून पित्त!"

स्वामींनी पळी ओतली. पाणी होतं तसंच राहिलं. मंत्र मोठ्याने म्हटला, तरी राहिलं.

"देवकी, पुरे झालं, चारचौघांत..." अच्युतन म्हणाला आणि वाकला. उलटीतून कॉफीच्या चोथ्यासारखं काळं रक्त पडलं. लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं. स्वामी कधी गेले, कुणी पाहिलं नाही.

हॉस्पिटलात कळलं, जठरात जखम होती. रक्त चढवल्यावर अच्युतन बोलायला लागला. "पण भस्माने बरं वाटायचं गं, खरंच."

"वाटणारच," भेटायला आलेल्या माधवीबाई म्हणाल्या. "सोड्याने आंबट घटकाभर मरतं. जखम तशीच राहते. पाणी तुमच्या घरचं होतं, म्हणून सगळे फसलात. आणि मी सांगते म्हणूनही डोळे मिटून काही घेऊ नका. विचारा: हे काय आहे, कशाने उतरतं, नाही उतरलं तर कुठे जायचं? जो उत्तर देत नाही, त्याच्या हातचं पाणीही पिऊ नका."

"मी विचारलं असतं," अच्युतन पुटपुटला, "पण लोक काय म्हणाले असते?"

देवकीचे डोळे भरून आले. "लोक सांत्वनाला आले असते हो," ती म्हणाली. "आणि मी तुमच्याशिवाय दारात बसले असते."