पुसलेल्या कार्डावरची आई

"फोटोच तर होते," दादा म्हणाला. "घर विकायचंय, गिऱ्हाइकाला खोल्या दाखवायला नकोत? कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, पुसलं."

फोटो आईचे होते, शेवटच्या वर्षातले. आईपाशी राहून धाकट्या बहिणीने काढलेले. दादा त्या वर्षात फोनवर फार प्रेमळ होता.

बहीण दवाखान्यात बिलं करायची आणि संध्याकाळी सी ही संगणकाची भाषा शिकायला जायची. वर्गातल्या सरांनी सांगितलं होतं, की पुसल्यावर नुसती यादी जाते. फोटो जागेवरच असतात, वर दुसरं काही येईपर्यंत. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते. कार्ड वाचत जायचं, खूण दिसली की नवी फाइल उघडायची.

तसा तिने लिहिलेला प्रोग्राम बिनतक्रार चालला आणि एकच फोटो देऊन थांबला. औषधाच्या पाकिटाचा, दुकानदाराला दाखवायला काढलेला. दादाने विचारलं, एवढ्यासाठी क्लास लावलास?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूण तपासली, केबल बदलली, कार्डाला शिव्या घातल्या. शेवटी सरांनी प्रोग्राम पाहिला. म्हणाले, बाई, सगळे सदरे एकाच खुंटीला अडकवताय. नवा आला की जुना खाली. प्रत्येक फोटोला ती एकच नाव देत होती, म्हणून येणारा फोटो आधीच्याला मिटवत होता.

"म्हणजे पुसणारे आम्ही दोघंही," ती म्हणाली. "पण माझं दुरुस्त होतं."

तिने नावांना क्रमांक जोडले. भराभर फोटो आले. आधी दादाचे: हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघराच्या फरश्या. मग आई, एकदम अंथरुणातच. हिंडत होती, कुंड्यांना पाणी घालत होती, ते फोटो कार्डाच्या सुरुवातीला होते. तिथे आता खूणही उरली नव्हती.

दादा खुर्ची ओढून बसला. "सगळे आजारपणातलेच? फ्रेमला एखादा हसरा बघ ना."

"हसरे तुझ्या हॉलखाली गेले."

दादाने चष्मा पुसला, परत घातला. मग एका फोटोवर बोट ठेवलं. "हा बरा आहे. कडेचा तेवढा हात काप."

"हात राहील," ती म्हणाली.

तिच्या एका हातात कॅमेरा असल्यामुळे दुसरा तेवढाच आला होता. मनगटापर्यंत, फणी धरलेला, आईच्या निम्म्या विंचरलेल्या केसांत.