मंडईत उतरलेला राक्षस

विश्रांतवाडीच्या कचरू पेंटरनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत ब्रश कोपऱ्यात पडले. त्यांची मुलगी आम्रपाली हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने परस्पर कर्वेनगरच्या एका क्लासात त्यांचं नाव घातलं. तिथे दर रविवारी सकाळी अद्भुत गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकवत. वर्गातले सगळे पंचविशीचे, बहुतेक आयटीतले, कचरू पंचावन्नचे. पण आपला हात पक्का आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते थेट पहिल्या बाकावर बसले.

पहिल्याच दिवशी त्यांनी पंखांचा राक्षस काढला. खवला न् खवला चमकत होता. पोरं बघतच राहिली. शिकवणारी राजनंदिनी मात्र चित्रापुढे येऊन उभी राहिली.

"काका, हा इथे कशाला आलाय?"

स्कूटरवरून जाणाऱ्याला पाटी दिसली की झालं, तिला मागचं-पुढचं नसतं, असं कचरूंनी सांगून पाहिलं. पुस्तकातल्या चित्राला ते लागतं, एवढंच ती म्हणाली.

आठवडाभर त्यांनी राक्षसाभोवती विजा काढल्या, सैन्य काढलं. कागद नुसता भरत गेला. शनिवारी ते मंडईत भाजी आणायला गेले. एक हमाल पोतं उतरवून भिंतीला टेकून पेंगत होता. शेजारची भाजीवाली मेथीच्या जुडीवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. बोलणं न थांबवता तिने हात लांबवला आणि आपल्या ताडपत्रीचं टोक ओढून त्याच्या तोंडावरचं ऊन अडवलं. कचरू भाजी न घेताच घरी आले.

रविवारी त्यांचा राक्षस मंडईच्या दारात बसला होता. पंख जमिनीवर पसरलेले, डोळे मिटत आलेले. गर्दी पळत सुटलेली. एकटी भाजीवाली पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी.

या वेळी कुणी वाहवा केली नाही. एकाने विचारलं, तो किती लांबून आला असेल? एकीचं म्हणणं, बाईने त्याला आधीही पाहिलंय. वाद चांगला रंगला आणि कचरू मजेत ऐकत राहिले.

राजनंदिनीने त्यांना एका प्रकाशकांकडे नेलं. चित्र प्रकाशकांना आवडलं, त्याचं पुस्तकच करू म्हणाले. फक्त राक्षस जरा भयंकर दिसायला हवा.

"तो दमलाय," कचरू म्हणाले. "दात दाखवायचं त्राण नाही त्याच्यात."

प्रकाशकांनी चित्र पुन्हा जवळ ओढलं. मग बाकीची पानं कधी मिळतील, असं विचारलं.

कचरूंनी दिवाळीआधी देतो म्हणून सांगितलं. वर्गातल्या वादानंतर काढलेली पहिली चार पानं ते सोबतच घेऊन आले होते. ती त्यांनी टेबलावर ओळीने मांडली.