मेजरांनी खुर्ची फिरवली
“पूल गेला, काका! पूल गेला!” कानावरचा हेडफोन ओढत लेफ्टनंट ओरडली.

पूल सरावापुरताच गेला होता, पण अंगावर काटा खरा आला. दोन मित्रदेशांच्या फौजा एका खोलीत कोंबल्या होत्या. भूकंप कागदावरचा, खाली नदीवरच्या होड्या आणि ट्रक मात्र खरे. पलीकडच्या इस्पितळातले रुग्ण अंधाराआधी अलीकडे आणायचे होते. मेजर, म्हणजे सगळ्यांचे काका, नकाशावर झेपावले. उभ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांच्या हुकुमांसाठी आराखडे आखले होते. निवृत्तीच्या तोंडावर, प्रथमच, ते प्रमुख होते. ‘निघा’ आज तेच म्हणणार होते.

“होड्या वळणाखालून...” एवढं बोलतात तोच सरावाच्या पंचाने त्यांच्या दंडाला पांढरी फीत बांधली.

“छत कोसळलं. तुम्ही जखमी. मागे बसा, अवाक्षर काढायचं नाही.”

“अहो, आत्ता?”

“भूकंप विचारून येतो होय?”

हशा पिकला. काका मुकाट्याने मागे जाऊन बसले.

नियमाने सूत्रं पाहुण्या फौजेच्या कॅप्टनकडे गेली. लेफ्टनंट फणकारली, “नदी आमची, होड्या आमच्या, आणि हुकूम तुमचा?”

“ट्रक आमचे आहेत. पण लेकाचे पोहत नाहीत,” कॅप्टन म्हणाला. “भांडू संध्याकाळी. होड्या कुठून सोडू?”

लेफ्टनंट नकाशाकडे वळली. मग मान वळवून काकांकडे बघत राहिली. मग कॅप्टनही बघू लागला, मग सगळी खोली. काकांची भुवई हलली असती तरी पुरे होतं.

काका उठले, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पाठीमागे नकाशाचा कागद सळसळला.

“वळणाच्या वरून सोडू,” अखेर लेफ्टनंटचा आवाज आला. “धारच खाली आणेल.”

काकांचा बेत वेगळा होता. त्यांनी खालूनच सोडल्या असत्या. त्यांनी मांडीवरची मूठ आवळली, पण वळले नाहीत.

“मग ट्रक वळणाखाली लावतो. चालेल?”

“पळेल!”

खुर्च्या करकरल्या. “निघा!” दोघं एकदमच ओरडले, आणि बुटांचा धडधडाट जिना उतरून गेला.

बऱ्याच वेळाने पंच जवळ आला. “आता बोला, काका. खोलीत कुणी नाही.”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. कोपऱ्यात वायरलेस खरखरला. “पहिली होडी काठाला लागली! रुग्ण ट्रकमध्ये!” लेफ्टनंटला धाप लागली होती, मागे कॅप्टन हसत होता.

काकांनी शाबासकीची मान हलवली, समोरच्या भिंतीला.