जाड वायर कष्टाच्या मशीनला

माझा नवरा चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवतो, उतरवतो आणि विचारतो, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" संध्याकाळी डोळ्यांचं दुकान बंद झालं की घरी कानांचं उघडतं. पुढच्या खोलीत ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची. आवाज म्हणे फक्त त्या खुर्चीतच जमतो. बाकीच्या खोलीत जे जमतं ते मी झाडूने गोळा करते.

गाणं ऐकणाऱ्यांची एक चौकडी आहे, नवरा त्यातला जेमतेम चौथा. दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी जमतात. आमचं घर सोडून. त्यांचे म्होरके एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना कानसेन म्हणतात. ते एकदाच आमच्याकडे आले होते. अर्धं गाणं ऐकलं आणि उठताना म्हणाले, "चष्मेवाले, सिस्टिम चांगली आहे हो तुमची, पण वीज कच्ची येते." कच्ची! जणू मी शिजवायला विसरले होते. ते वाक्य नवऱ्याच्या मनात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून मग वायर आली. भिंतीतल्या प्लगपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी, हातभर लांब. निळीशार, मनगटाएवढी जाड, दोन्ही टोकांना सोनेरी कडी. त्या किमतीत नवा फ्रिज आला असता आणि वर तो भरण्याइतका बाजारही.

"अहो, वीज धरणापासून इथवर साध्या तारांवर लोंबकळत येते," मी म्हटलं. "आणि शेवटच्या हातभर अंतरात तिला पालखीत बसवायचं?"

"शेवटचं अंतरच महत्त्वाचं असतं," नवरा म्हणाला. "आणि हे बघ, तिला कुणी हात लावायचा नाही. ती रुळायला वेळ लागतो."

"सून आहे का ती, रुळायला?" आतून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. घरात जी वस्तू स्वतःहून पळून जाऊ शकत नाही, तिला त्या लोकरीचा अंगरखा विणतात. रिमोटला आहे, टेलिफोनला आहे, प्रेशर कुकरच्या दांड्यालाही आहे. ही वायर त्यांना उघडीनागडी दिसली. नवरा दुकानात असताना त्यांनी तिला करड्या लोकरीचा झगा घातला. अन्याय नको म्हणून त्याच खोलीतल्या माझ्या भरतकामाच्या मशीनच्या वायरलाही तसाच एक. नवरा आधी चिडला, पण त्या रात्री गाणं लावलं आणि डोळे मिटून म्हणाला, "रुळली! आज रुळली बघ. त्या गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." मग त्याने धीर करून चौकडीला वायरीबद्दल सांगितलं आणि पुढचा रविवार आपल्याकडे मागून घेतला. कानसेन बरं म्हणाले.

रविवारी सकाळी त्याने दोनदा दाढी केली. मी जास्तीच्या खुर्च्यांसाठी जागा करायला भरतकामाचं टेबल सरकवलं, तर वायरीचा झगा वर सरकला आणि आतून निळंशार काहीतरी चमकलं. पुढे सोनेरी कडी.

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात ओढलं. "आई, ही वायर इकडे कशी?"

"मीच लावली. झगा घालायला दोन्ही काढल्या होत्या ना, टोकं सारखीच, परत लावताना म्हटलं, जाड वायर कष्टाच्या मशीनला. तू दिवसभर त्याच्यावर राबतेस. तो डबा नुसता बसून गातो. त्याला तुझी काळी वायर पुरे."

"अहो, पण ती ह्यांनी गाण्यासाठी आणलीये!"

"मग गातोय की तो! थांबलाय का?"

मी गुपचूप बदलायचं ठरवलं, पण नवरा ॲम्प्लिफायरजवळ ठाण मांडून बसलेला. "आता बंद करायचा नाही हं. पहाटेपासून तापतोय." त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला रुमाल लावला होता, आमच्या लग्नातही लावला नव्हता. आज कानसेनांनी मान हलवली तर तो चौकडीतला, नाहीतर जन्मभर कच्च्या विजेवाला. त्याला काय सांगणार, कपाळ?

पाहुणे आले. कानसेन, दातांचे डॉक्टर, आणि तिसरे एक मिशीवाले, जे सगळ्याला "अगदी, अगदी" एवढंच म्हणतात. कानसेन एकुलत्या खुर्चीत बसले. गाणं सुरू झालं: एक बाई आणि एक पियानो. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी.

गाणं संपलं. कानसेनांनी डोळे उघडले नाहीत.

"पडदा उठला," ते म्हणाले. "चष्मेवाले, दोन सुरांमधला काळोख काय काळा आलाय हो!"

"पियानोचं लाकूड कळतंय," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या झाडाचं ते सांगू शकेन."

"अगदी, अगदी."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देवा, हे इथेच थांबव. पण कानसेन उठले. "दर्शन तरी घडवा त्या वायरीचं."

"मी दाखवते," म्हणत सासूबाई पुढे झाल्या आणि सरळ भरतकामाच्या टेबलाकडे गेल्या. मी "आई!" म्हणेपर्यंत त्यांनी करडा झगा सोलून ठेवला होता.

निळी वायर. तिच्या एका टोकाला माझं मशीन, मशीनवर कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्यावरचं अर्धं बदक.

"मग तिकडे काय आहे?" डॉक्टरांनी ॲम्प्लिफायरकडे बोट दाखवलं.

"सुनेची जुनी," सासूबाई म्हणाल्या. "चांगली आहे अजून."

मिशीवाले "अग..." एवढंच म्हणाले.

नवरा बदकाकडे बघत राहिला. विजेचा दाब कमी-जास्त झाला, आईचा घोटाळा झाला, काहीही म्हणता आलं असतं. त्याने खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "दुकानात मी कधीकधी काच बदलल्यासारखं करतो आणि तीच परत लावतो. लोक म्हणतात, हां, आता स्पष्ट दिसतंय! खोटं बोलत नाहीत हो ते. त्यांना खरंच दिसतं. फक्त त्यावरून नंबर काढायचा नसतो. मला ही गेले काही दिवस रुळलेली ऐकू येतेय. माझंही तेच झालं."

डॉक्टर खाली बघत होते. त्यांच्याकडे अशा दोन वायरी आहेत. कानसेनांकडे पाच. ते परत त्या खुर्चीत बसले आणि मला कळलं की आता नवऱ्याचाच नाही, सगळ्यांचाच निकाल लागतोय.

"चष्मेवाले," कानसेन म्हणाले, "आवाज चांगला आला, हे तर खरं?"

"ते खरं."

"आणि ही वायर याच घराच्या विजेला जोडलेली आहे?"

"म्हणजे... आहे."

"मग झालं तर! एवढी वायर भरतकामाला लावल्यावर मशीन घरच्या विजेच्या लाइनमध्ये घाण सोडत नाही. सगळ्या घराची वीज पिकली!" ते टाळी वाजवून उठले. "अहो, आपण आजवर चुकीच्या यंत्राला लावत होतो!"

"अगदी, अगदी!" मिशीवाल्यांनी राहिलेला शब्द पुरा केला.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि विचारलं, त्यांच्या बायकोकडे फक्त मिक्सर आहे, तो चालेल का.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेआडून मान हलवली: बोलू नका. त्याचे खांदे मात्र हसण्याने गदगदत होते.

निघताना कानसेनांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुढचा रविवारही तुमच्याकडेच. खरं बोलणारा कान दुर्मीळ असतो." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने, "आणि वहिनी, एक विनंती. आम्ही ऐकत असताना मशीन चालू ठेवाल? हळू चालवलंत तरी चालेल."

आता दर रविवारी चौघं डोळे मिटून बसतात, एक बाई गाते, आणि मी शेजारी खडखडखड बदकं भरते. कुणाची तक्रार नाही. परवा मी दोरा ओवायला थांबले, तर कानसेन कपाळाला आठी घालून म्हणाले, "आवाज जरा पातळ झाला का हो?"